उडालेला बल्ब कोण नेतं?

१

मंगनीचे लाडू रुमालात बांधून हुस्नाबी घरी परतली, तेव्हा तिचा नवरा शेडमध्ये उपड्या खोक्यावर बसला होता आणि शेडमध्ये मोटार नव्हती.

"ट्रायलले नेली का कोणी?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

"नमाजेवरून आलो, तं नव्हती," अब्दुल गनी म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला.

अब्दुल गनी मेकॅनिकला बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारे ट्रकवाले त्याच्यासाठी पांढरकवड्याला मुद्दाम थांबत, काम करून घेत आणि त्याच्या तोंडून एक शब्द न ऐकता पुढे जात. घरात दोघांच्या वाटणीचं हुस्नाबीच बोले. त्यामुळे तिच्या बोलण्याला कधी खळ नव्हता, पण त्या दुपारी तिचीही वाचा बसली. कारण गेलेली मोटार रामराव वकिलांची होती.

मोटार जुनी, काळी, विलायती. रामराव मोतीबिंदू काढायला नागपूरला गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, "गनी, इतवारी मी बसमधून उतरलो की गाडी मले स्टँडवर दिसली पाहिजे. नाही झाली दुरुस्त, तं विकून टाकतो. मालकही आंधळा अन् गाडीही आंधळी, कुठवर चालवायचं?"

गाडीचं आंधळेपण मोठं गमतीचं होतं. पुढचे दिवे लावले की डॅशबोर्डावरचा पेट्रोलचा काटा खाली जाऊन तळाला बसायचा. दिवे बंद केले की आपोआप वर यायचा. मीटरमागचे छोटे बल्ब असे मिणमिणायचे, की आकडे दिसण्याऐवजी फक्त अंधार उठून दिसे. गनीनं परवा जेवताना बायकोला त्याचं कारण सांगितलं होतं, आणि त्याच्या मानानं ते भाषणच होतं. करंट तारेतून येतो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. त्या परतीच्या वाटेला सारे मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. डॅशबोर्ड पत्र्याला जोडणारी तांब्याची वेणी हिरवी पडून तुटली होती. "करंटले घरी जाची वाट भेटून नाही राह्यली," गनी म्हणाला होता. "मंग तो शेजाऱ्याच्या घरातून घुसते अन् काटे नाचवते."

आता काटे नव्हते आणि गाडीही नव्हती.

"उठा, थाण्यात चला, पोलिसायले सांगू," हुस्नाबी म्हणाली. "ज्याच्या शेडातून अख्खी मोटार जाते, त्याच्यापाशी उद्या कोणी सायकल तरी ठेवीन का?"

"थाण्यात नाही जायचं."

"काहून?"

"इतवारी मालक येतीन. त्यायलेच सांगीन."

"अन् ते म्हणतीन, वा रे गनी, शाब्बास! इतक्या वर्साचं नाव एका दिवसात मातीत जाईन तुमचं."

गनीनं मान खाली घातली. हुस्नाबीला त्याचा राग आला आणि कीवही आली. हा माणूस दुसऱ्याचा नट हरवला तरी रात्रभर झोपत नसे. आज अमानत ठेवलेली अख्खी गाडी गेली आणि हा थाण्यात जायला तयार नाही?

तिनं बुरखा बाजूला टाकला आणि शेड पाहायला लागली. गाडीची किल्ली गनीच्या कमरेला तशीच होती. गाडीचा डॅशबोर्ड त्यानं आधीच उपसलेला, बॅटरी काढलेली. म्हणजे गाडी चालवत नेणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. बाहेर पाहावं तर शेडच्या तोंडापासून रस्त्यावरच्या कडुनिंबापर्यंतची जमीन लख्ख झाडलेली. चाकाची खूण नाही, पावलाची नाही.

"आपला शेड इतका साफ कवापासून राहाले लागला?" ती स्वतःशीच म्हणाली आणि आत टेबलाकडे वळली. तिथं तिनं जे पाहिलं, त्यानं ती बुचकळ्यात पडली. चोरानं नेलेल्या वस्तूंपेक्षा ठेवून दिलेल्या वस्तू जास्त विचित्र होत्या.

२

सकाळपर्यंत टेबलावर दोन बॅटऱ्या होत्या. एक गाडीची, जुनी, थकलेली. दुसरी गनीची स्वतःची, नवीकोरी. चोरानं थकलेली नेली होती आणि नवी तिथंच ठेवली होती. पान्यांचा संच जागच्या जागी होता. खोक्यातली नवी कॉइल कोणी हातातही घेतली नव्हती. आणि गेलं काय होतं? पेट्रोलचं मीटर, अँपिअरचं मीटर, स्पीडचं मीटर, त्यांचे स्क्रू घातलेली तपकिरीची डबी, आणि मीटरमागचा एक उडालेला बल्ब.

"उडालेला बल्ब कोण नेतं?" हुस्नाबीनं विचारलं.

गनी पान्याला तेल लावत बसला. त्या पान्याला तेलाची काही गरज नव्हती.

घरामागच्या अंगणात तिची सासू अमिनाबी बाजेवर बसून असे. तिला कमी दिसे, पण कान शाबूत होते. हुस्नाबीनं तिला विचारलं, "अम्मा, दुपारी कोणी आलतं का इकडे?"

"कोणी नाही. नमाजेवरून गनी आलता अंगणात, लगेच गेला. बाकी घुंगरं वाजत होती बाहेर. कापसाच्या गाड्या तं दिवसभर जाऊन राह्यल्या."

खरं होतं. कापसाचा हंगाम होता, सन अठ्ठावनची दिवाळी नुकतीच सरली होती आणि बाजाराच्या वाटेवर बैलगाड्यांची रीघ लागली होती. घुंगरांना कोण विचारतो? हुस्नाबीनं बुरखा चढवला आणि भंगारवाल्या हाफिजचं आवार गाठलं. हाफिज गुरुवारी शेडमध्ये चहा प्यायला आला होता आणि ती मोटार त्यानं डोळ्यांनीच तोलली होती, हे तिनं पडद्याआडून पाहिलं होतं.

"हाफिजभाई, मोटार कुठं आहे?"

हाफिजनं आधी दाढी खाजवली आणि मग खो खो हसला. "भाभी, मी भंगारवाला आहो. मी नेली असती तं नवी बॅटरी सोडली असती का? बॅटरीत शिसं राह्यते. अन् उडालेला बल्ब नेऊन काय करू, त्याचं लोणचं घालू?"

"गुरुवारी तं मोठे डोळे फाडून पाहत होते तुम्ही."

"पाहाले काय लागते? मी तं तहसीलदाराच्या जीपकडेही तसाच पाहतो. पण गनीभाईच्या शेडातली चीज म्हणजे मशिदीतली चीज, भाभी. हात नाही लावत आपण."

त्याचं बोलणं हुस्नाबीला पटलं. चोर लोभी नव्हता. लोभी असता तर चांगलं उचलून वाईट टाकलं असतं. यानं तर नेमकं गाडीचं तेवढंच उचललं होतं.

मग ती नाक्यावर नजीरकडे गेली. नजीर गनीचा चुलतभाऊ, नाक्याजवळ त्याचा स्वतःचा शेड. हे काम आपल्याला मिळावं म्हणून तो रामरावांकडे दोनदा जाऊन आला होता आणि रिकाम्या हातानं परतला होता. गनीची फजिती व्हावी म्हणून त्यानं गाडी लपवली असली तर?

"भाभी, दुपारी मी नमाजेत त्यायच्या बाजूलेच उभा होतो," नजीर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "अन् लपवलीच असती तं मीटरं कायले नेली असती? बिघाड सारा त्यातच आहे. दुसऱ्याचं दुखणं मी माया घरी कायले आणू?"

"तुले राग तं होता."

"होता ना. अजूनही आहे. पण गनीभाईचं नाव गेलं तं मायं राह्यते का? लोक म्हणतीन, त्याच घरचा आहे हा." तो ट्रकखालून हात पुसत बाहेर आला. "मी येऊ का शोधाले?"

हुस्नाबीनं त्याला नको म्हटलं, पण मनातून त्याला एक लाडू बहाल केला. दोन्ही संशयित हातचे गेले होते. आता एकच नाव उरलं होतं, आणि ते घ्यायला तिची जीभ रेटत नव्हती.

संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं ते घेतलंच. "धरमसिंगले कळवलं का तुम्ही?"

धरमसिंग म्हणजे रामरावांचा ड्रायव्हर, केळापूरजवळच्या तांड्यावरचा. मालक नागपूरला असल्यानं तो घरी होता. गनी आणि तो एका ताटात जेवणारे दोस्त.

गनी ताटावरून उठला. "त्याचं नाव नको घेऊ," तो मोठ्यानं म्हणाला.

लग्न झाल्यापासून हुस्नाबीनं त्याचा चढलेला आवाज तो पहिल्यांदा ऐकला.

३

सकाळी सुखीबाई दूध घेऊन आली. सुखीबाई धरमसिंगची आई. हातभर हस्तिदंती बांगड्या, आरशांची चोळी, डोक्यावर दुधाची चरवी. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले, आणि चालणं तिच्या पायांत अजून तसंच होतं. ती रोज तांड्यावरून येई, दूध मापून घाली, मग ओसरीवर टेकून तंबाखू मळत तासभर साऱ्या तालुक्याची खबर सांगे. माप घालण्यात मात्र तिचा हात असा आखडता, की थेंब वर जाईल तर शपथ.

त्या दिवशी तिनं माप भरून ओतलं, वर आणखी अर्धं ओतलं आणि न टेकता वळली.

"सुखीमाय, दूध जास्त झालं," हुस्नाबी म्हणाली.

"असू दे बेटी."

"अन् आज खबर नाही सांगत?"

"काम आहे घरी." सुखीबाई जमिनीकडे पाहत होती.

हुस्नाबीनं तिचा हात धरला आणि ओसरीवर बसवलं. जिचा हात मापाला कधी चुकला नाही, ती फुकट दूध ओतते तेव्हा ती काहीतरी फेडत असते. नाही म्हणायला, काल चोराच्या निवडीचा हिशेब हुस्नाबीनं मनात मांडून ठेवलाच होता. दोन बॅटऱ्यांतली गाडीची कोणती, हे रोजच्या माणसाशिवाय कोणाला कळणार? उडालेला बल्बसुद्धा परका ठरवून टाकवत नाही, इतका गाडीवर जीव कोणाचा? असा माणूस चोरी करत नाही. मग त्यानं काय केलं, आणि का?

"सुखीमाय, गुरुवारी मी पडद्याआडून पाह्यलं, आमच्या ह्यांनी तुमच्यापाशी धरमसिंगसाठी निरोप दिलता ना? काय होता?"

"तो हाफिज भंगारवाला चहा पिऊन राह्यला होता तेव्हा? मी पोराले सांगतलं न," सुखीबाई पुटपुटली. "आमच्या बोलीत सांगतलं, गाडीम कांयी छेनी. म्हणजे गाडीत काही अर्थ नाही राह्यला. मेकॅनिक समदी खोलून टाकते म्हणे."

हुस्नाबीनं आतून नवऱ्याला बोलावलं. "तुम्ही सुखीमायले काय सांगतलं होतं? शब्दाले शब्द सांगा."

गनीनं डोकं खाजवलं. "डॅशबोर्डात अर्थ नाही राह्यला. समदं खोलून पाहतो. इतकंच."

हुस्नाबी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं सुखीबाईकडे पाहिलं. मग तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे ती थांबली.

"चपला घाला," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची हत्यारं घ्या, नवी बॅटरी घ्या. गाडी कुठं आहे ते मले समजलं."

सुखीबाईनं पदरानं तोंड झाकलं. गनी मात्र जागचा हलला नाही. गाडी कुठं आहे, हे ऐकून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. ते हुस्नाबीच्या नजरेतून सुटलं नाही.

४

तांड्यावर, धरमसिंगच्या घरामागच्या गोठ्यात मोटार उभी होती. तिच्यावर भरतकामाची बैलांची झूल पांघरली होती. आतल्या सीटवर धुतलेल्या धोतरात मीटरं बांधून ठेवली होती, आणि उडालेला बल्ब वेगळ्या चिंधीत.

धरमसिंग गाडीपुढे उभा राहिला. उंच, रुंद गडी, पण रडवेला झाला होता. "गनीभाई, मालक येईपर्यंत मी गाडी नाही देत. मले मारा, थाण्यात द्या. पण तिचे तुकडे नाही करू देत."

"तुकडे?" गनी म्हणाला.

"हाफिज उभा होता म्हणे तिथं. मालक तं विकाच्या गोष्टी करूनच गेलते. तुम्हीच म्हणलं, काही अर्थ नाही राह्यला."

"'काही' नाही म्हणलं त्यायनं," हुस्नाबी पुढे झाली. "धरमसिंगभाऊ, नीट ऐका. ते म्हणले, डॅशबोर्डात अर्थ नाही राह्यला. तारेचा अर्थ. तुमच्या मायनं त्यात आपला 'काही' घातला, डॅशबोर्डाची गाडी केली, अन् तुमच्या बोलीत नेऊन सांगतलं. तिची काय चूक? तिले अर्थ म्हणजे अर्थच माहीत."

धरमसिंग ड्रायव्हर होता. दिवसातून चारदा त्याच्या कानावर तो शब्द पडे. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अर्थ! वेणी तुटली काय?"

"तुटली," गनी म्हणाला.

"अन् मी बैल जुंपले हो... तुम्ही नमाजेले गेलते, भाभीही नव्हत्या. मी चोरासारखा ओढत नेली."

गनी गाडीजवळ गेला. झूल बाजूला करून त्यानं पत्र्यावर हात फिरवला. मग पाठमोराच म्हणाला, "तुले वाटलंच कसं? मी हिले तोडीन, असं तुले वाटलं?"

धरमसिंगचा चेहरा पाहवत नव्हता. हुस्नाबीला कळलं, की गाडी सापडली पण खरं नुकसान अजून बाकीच आहे. हे दोघं असेच दूर झाले तर उद्या रामरावांना गाडी मिळेल आणि एका ताटात कोणी जेवणार नाही.

"आता मी बोलू का?" ती म्हणाली. "धरमसिंगभाऊ, जाताना तुम्ही जमीन झाडली होती का?"

"मी? बैल धरू का झाडू?"

"तेच म्हणते मी. चाकाचे वळ नाही, बैलाच्या खुराचे नाही. गाडी गेल्यावर कोणीतरी ते पुसले. खराटा आमच्या अंगणात, दाराआड राह्यते. अम्मा अंगणातच होती अन् ती म्हणते, दुपारी एकच माणूस आत आला. तिचा पोरगा."

गनी वळला. "हुस्ना, राहू दे."

"नाही राहू देत. तुमचा डावा बैल मागचा पाय घासत चालते ना, भाऊ? त्याची रेघ साऱ्या तालुक्यात कोणाच्या बैलाची नाही. नमाजेवरून येऊन ह्यांनी ती रेघ पाह्यली. ह्यांले वाटलं, दोस्तानं चोरली. काहून चोरली ते ह्यांले माहीत नव्हतं. कोण गरज पडली असंन, कोण अडचण असंन. पण ह्यांनी खराटा आणला अन् कडुनिंबापर्यंत जमीन झाडली. थाण्यात नाही गेले. मायावर आवाज चढवला. स्वतःचं नाव बुडवाले बसले होते हे, पण तुमचं तोंडातून काढलं नाही."

धरमसिंग गनीच्या पायाशी वाकायला गेला. गनीनं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि भलतंच चिडून म्हणाला, "धूळ झाली होती, म्हणून झाडलं."

"वर्सातून एकदा धूळ होते आपल्या शेडात," हुस्नाबी म्हणाली.

सुखीबाई आधी हसली. मग धरमसिंग हसता हसता रडायला लागला, आणि गनीनं त्याच्या पाठीवर चापट मारून म्हटलं, "मीटरं दे."

मग काम सुरू झालं. गनीनं जाड केबल सोलून तांब्याच्या बारीक तारा मोकळ्या केल्या आणि सुखीबाईपुढे धरल्या. "माय, वेणी घाला. चपटी." तांड्यावरच्या बाईला वेणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या बोटांनी ती अशी घट्ट विणली, की बाजारातलीला लाजवेल. गनीनं डॅशबोर्डाच्या मागचा आणि खाली पत्र्याचा गंज खरवडून चकचकीत धातू काढला, वेणीची दोन टोकं दोन्हीकडे आवळली. मीटरं जागच्या जागी बसली. बल्ब नवा लावला. थकलेल्या बॅटरीच्या जागी नवी बसली.

"दिवे लाव," गनी म्हणाला.

धरमसिंगनं दिवे लावले. गोठ्याची भिंत उजळली, बैलांनी माना वळवल्या. पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता तो निम्म्यावरच राहिला. बंद केले, पुन्हा लावले. काटा हलला नाही. सारी मीटरं आतून मधासारखी पिवळी दिसत होती. धरमसिंग किती तरी वेळ दिवे लावत आणि विझवत बसला, आणि त्याला कोणी अडवलं नाही.

५

रविवारी नागपूरची बस स्टँडवर लागली तेव्हा काळी मोटार चिंचेखाली उभी होती. धरमसिंग स्टिअरिंगवर, गनी दाराशी, आणि मागच्या सीटवर बुरख्यात हुस्नाबी. नवऱ्यानं आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या, पण त्यातल्या एकीत बसायची तिची ही पहिलीच वेळ होती. ती बसायला तयार नव्हती. धरमसिंगनंच हट्ट धरला.

रामराव काळा चष्मा लावून उतरले. उतरताच त्यांना स्टँडवरच्या पानवाल्यानं गाठलं आणि उडत आलेली खबर कानात ओतली. पांढरकवड्यात मोटार बैलांनी ओढून नेली, हे काय लपून राहणार होतं?

रामराव काठी टेकत गाडीजवळ आले. "काय ऐकून राह्यलो मी? गाडी केळापूरच्या वाटेनं बैल लावून गेलती म्हणे? कोणी नेली?"

धरमसिंग गाडीतून खाली उतरला. त्यानं तोंड उघडायच्या आत गनी म्हणाला, "मी धाडली होती मालक. तांड्यावर मोकळी जागा आहे. काम कराले."

हुस्नाबी सीटवर ताठ झाली. अब्दुल गनी खोटं बोलत होता, आणि तेही पूर्ण वाक्यांत.

"खोटं आहे मालक," धरमसिंग म्हणाला. "मीच नेली. न सांगता, शेडातून. गनीभाई नमाजेत होते."

"मी सांगतलं होतं त्याले."

"काही नाही सांगतलं. मायी चूक आहे."

"त्याची कोणती चूक? निरोप मी अर्धा दिला."

दोघांचे आवाज चढले. लोक जमायला लागले. रामरावांनी काठी आपटली.

"तीस वर्सं मी कोर्टात उभा राह्यलो," रामराव म्हणाले. "तिथं जो येई तो एकच म्हणे, मी नाही, यानं केलं. गुन्हा आपल्या अंगावर ओढून घ्याले भांडणारे दोघं मले आज भेटले, अन् तेही डोळे उघडल्या उघडल्या." त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा लावला. डॉक्टरनं डोळ्यांना हात लावायला मना केलं होतं, हे ते विसरले.

मग त्यांनी पुढचं दार उघडलं. "ही गाडी आता मी विकत नाही. माया मागं ती तुयापाशी राहीन, तवाही नाही विकायची, धरमसिंग. चल, घरी चल. दोघंही जेवाले या."

धरमसिंगनं त्यांची वळकटी मागच्या सीटकडे दिली. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि गनी मागं हुस्नाबीशेजारी. तिनं बुरख्याच्या आत डोळे कोरडे केले आणि रामरावांची वळकटी ठेवायला थोडं सरकून जागा केली.